शाळेच्या बास्केटबॉलला शिट्टी मारताना: टेक्निकल कधी द्यायचा, कुणाला द्यायचा आणि कसा

शालेय स्पर्धांचं वेळापत्रक लागलं की दरवर्षी नवीन पोरं-पोरी शिट्टी घेऊन उभी राहतात. कुणी नुकतंच कॉलेजच्या टीममधून बाहेर पडलेलं, कुणी बीपीएड करणारं, कुणाला जिल्हा संघटनेतून फोन आला म्हणून आलेलं. ट्रॅव्हलिंग, डबल ड्रिबल, थ्री सेकंड हे सगळ्यांना येतं, खेळलेलेच असतात. गाडी अडते कुठे, तर आठवीतला पोरगा बॉल आपटून "काय राव" म्हणतो तेव्हा आणि बेंचवरचे सर हात पसरून साइडलाइन ओलांडून आत येतात तेव्हा. तिथे नियम पाठ असून भागत नाही, काय करायचं ते आधीच ठरलेलं असावं लागतं. म्हणून हे लिहितोय, आणि सगळं अंडर-१४, अंडर-१७, अंडर-१९ च्या शालेय मॅच आणि क्लबच्या ज्युनियर मॅच धरून आहे, सीनियरचं गणित वेगळं.

माझं मत आधीच सांगून टाकतो म्हणजे पुढचं वाचायला सोपं जाईल: मुलाला एक संधी जास्त द्या, कोचला एक कमी. आपल्याकडे बऱ्याचदा उलटं चालतं. कोच वयाने मोठे, ओळखीचे, कदाचित आपल्यालाच कधीतरी शिकवलेले, म्हणून त्यांचं तीन क्वार्टर सगळं ऐकून घ्यायचं, आणि साठलेला राग चौथ्या क्वार्टरला एखाद्या पोराने हात झटकला की त्याच्यावर टेक्निकल, म्हणजे वागणुकीचा फाऊल, मारून काढायचा. त्या पोराने हात झटकायला शिकलं कुठून, तर त्या बेंचकडे बघूनच की.

लोक इतके पेटतात का हेही जरा ध्यानात असू द्या. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी ही शिडी, बाद पद्धतीने, एक मॅच गेली की वर्ष गेलं. दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण आहेत, पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, हे डोक्यात घेऊनच पालक कंपाउंडला टेकून उभे असतात, आणि क्रीडाशिक्षकाला सोमवारी मुख्याध्यापक विचारणार असतात. त्यामुळे समोरचा माणूस ओरडतोय तो दरवेळी तुमच्यावरच ओरडतोय असं नाही. त्याचं दुःख कळलं म्हणून त्याला कोर्टात येऊ द्यायचं असंही नाही.

मॅचच्या आधीची वीस मिनिटं

फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, नियमांप्रमाणे मॅचच्या वेळेच्या २० मिनिटं आधी तुमचा अधिकार सुरू होतो. म्हणजे वॉर्मअप चालू असताना कुणी समोरच्या टीमला डिवचलं किंवा रिंगला लटकून स्टंट केला तर तेव्हाही टेक्निकल देता येतो, मग मॅच सुरू व्हायच्या आधी एक फ्री थ्रो होतो आणि नंतर नेहमीसारखा जंप बॉल. हे कुणाला माहीतच नसतं कारण आपल्याकडे पंच चहा पिऊन थेट जंप बॉललाच येतात. लवकर या, कोर्टाच्या कडेला दोघं नुसते उभे राहा, तेवढ्याने निम्मं काम होतं.

या वेळात बेंच बघून घ्या. शाळेच्या बेंचवर क्रीडाशिक्षक असतात, बाहेरून नेमलेला प्रायव्हेट कोच असतो, दोन माजी विद्यार्थी, कुणाचे तरी काका, पाण्याची बाटली धरून एक आई. स्कोअरशीटवर ज्यांची नावं आहेत ते बसतील, बाकीच्यांना आत्ताच प्रेमाने पलीकडे पाठवा, मॅच चालू झाल्यावर हलवणं फार अवघड जातं. आणि हेड कोच कोण ते त्यांच्या तोंडून वदवून घ्या. "सर, कोच म्हणून शीटवर तुमचं नाव ना? मग माझ्याशी तुम्हीच बोलायचं." असिस्टंट आणि हेड या दोघांपैकी एका वेळी एकालाच उभं राहता येतं, आणि असिस्टंट उभा असला तरी पंचांशी बोलायचा हक्क त्याला नाही. हा नियम वापरा, एकाच वेळी तीन जण ओरडायचे ते बंद होतं.

दोन्ही कॅप्टनना बोलावून भाषण ठोकू नका. अर्ध्या मिनिटात संपवा: काही विचारायचं असेल तर कॅप्टनने यायचं, बॉल डेड, म्हणजे खेळात नसलेला, असताना आणि घड्याळ थांबलेलं असताना, नीट बोलायचं, मी उत्तर देईन. आणि दिलेला शब्द मग पाळा, पोरगी विचारायला आली आणि तुम्ही "जा जा खेळ" केलं तर ती परत येणार नाही, पुढच्या वेळी लांबूनच ओरडेल.

तिसरी गोष्ट म्हणजे तुमचा जोडीदार. कोचने मला त्रास दिला तर तू काय करणार, तुला दिला तर मी काय करणार, हे आधी बोलून ठेवा. एका पंचाने सगळं सहन करायचं आणि दुसऱ्याने पहिल्याच वाक्याला टी, म्हणजे टेक्निकल, दाखवायचा असं झालं की कोच बरोबर ओळखतो कुणाच्या बाजूला उभं राहायचं ते.

नियमात नक्की काय आहे

थोडक्यात सांगतो, पण चालू पुस्तक स्वतः वाचा, फिबा दर दोनेक वर्षांनी काही ना काही बदलतं आणि मी इथे २०२४ चं पुस्तक धरून लिहितोय. स्पर्धेचे स्वतःचे नियम असतील तर ते आयोजकांकडून मागून घ्या, तालुक्याला वेळ नसतो म्हणून क्वार्टर छोटे करतात, रनिंग क्लॉक, म्हणजे न थांबणारं घड्याळ, ठेवतात वगैरे.

टेक्निकल म्हणजे अंगाला अंग न लागता केलेला, वागणुकीचा फाऊल. शिक्षा एक फ्री थ्रो, लाइनवर रिबाउंडला कुणी उभं राहत नाही, कोच सांगेल तो खेळाडू मारतो, आणि त्यानंतर बॉल ज्या टीमकडे होता किंवा ज्यांना मिळणार होता त्यांनाच, खेळ थांबला तेव्हा बॉल होता त्याच्या जवळच्या जागेवरून. जुने सर लोक अजून "दोन फ्री थ्रो आणि सेंटरवरून बॉल" मागतात, कारण ते खेळायचे तेव्हा तसंच होतं. वाद घालू नका, नियम बदललाय एवढंच सांगा.

अनस्पोर्ट्समनलाइक, म्हणजे यू, हा अंगाला अंग लागलेला फाऊल. बॉल खेळायचा प्रामाणिक प्रयत्नच नाही, किंवा प्रयत्न आहे पण धडक फार जोराची, किंवा फास्ट ब्रेक थांबवायला उगाच मागून धरलं, किंवा एकटा बास्केटकडे सुटलाय आणि मध्ये कुणी नाही अशाला मागून किंवा बाजूने ओढलं. शूट करत नसलेल्याला दोन फ्री थ्रो, आणि मग बॉलही त्यांनाच, स्कोअरच्या टेबलाच्या समोरच्या बाजूला फ्रंटकोर्टच्या, म्हणजे ते जिथे बास्केट मारतात त्या अर्ध्या कोर्टाच्या, थ्रो-इन लाइनवरून. शाळेच्या सिमेंटच्या कोर्टावर ती लाइन बहुधा रंगवलेलीच नसते, तर एंडलाइनपासून ८.३२५ मीटरवर, म्हणजे थ्री पॉइंटच्या कमानीचा माथा जिथे येतो त्याच्या सरळ रेषेत, खडूने खूण करून ठेवा.

डिसक्वालिफाइंग म्हणजे डी, उघड उघड घाण वागणं: मारणं, थुंकणं, पंचाला ढकलणं. त्याला कुठलीही पायरी लागत नाही, थेट बाहेर.

बेरीज अशी: खेळाडूचे दोन टी, किंवा दोन यू, किंवा एक टी एक यू, झालं की तो बाहेर. कोचच्या स्वतःच्या वागण्याचे दोन टेक्निकल, म्हणजे शीटवर दोन सी, की कोच बाहेर. बेंचवरच्या इतरांनी केलेला गोंधळसुद्धा कोचच्याच खात्यात बी म्हणून लिहिला जातो, आणि सी-बी मिळून तीन झाले तरी कोच बाहेर. बदली खेळाडू बेंचवरून समोरच्या शूटरला काहीबाही ओरडत असतील तर कोचला हे एकदा सांगून बघा, "सर, ही पोरं बोलतायत त्याचा फाऊल तुमच्या नावावर येणार", पुढच्या सेकंदाला बेंच गप्प.

टेबलवर एक गोष्ट नेहमी चुकते. खेळाडूचा टी त्याच्या पाच फाऊलमध्ये धरायचा आणि त्या क्वार्टरच्या टीम फाऊलमध्येही धरायचा. कोचचा सी किंवा बेंचचा बी टीम फाऊलमध्ये धरायचा नाही. टेबलावर बहुधा शाळेचीच अकरावीची मुलं बसवलेली असतात, त्यांना बिचाऱ्यांना कोण सांगणार, तर प्रत्येक टेक्निकलनंतर तिथे जाऊन शीटवर नजर टाका.

मुलं

मुलांचं वागणं मी मनात तीन ढिगात टाकतो. पहिला ढीग स्वतःवरचा राग. लेअप सुटला, पोरगं मांडीवर हात मारतं, "शिट" म्हणतं, आकाशाकडे बघतं. हे सोडून द्या. चौदा वर्षांच्या माणसाने लेअप सोडल्यावर शांत राहावं ही अपेक्षाच चूक आहे. बॉल जोरात आपटला आणि तो डोक्याच्या वर उडाला तर मात्र थांबवायला लागतं, कारण आता ते सगळ्यांना दिसलंय आणि पुढचा पोरगा त्याहून वर उडवून बघणार.

दुसरा ढीग तुमच्यावरचा राग. नंबर नऊला ट्रॅव्हल दिलं, तो बॉल तसाच धरून उभा, दोन्ही हात पसरून बेंचकडे बघतोय, म्हणजे बघा सर हे कसले पंच. इथे मी काय करतो सांगतो. शिट्टी तोंडातून काढतो, दोन पावलं त्याच्याकडे जातो, समोर छातीला छाती लावून नाही तर बाजूला, दोघंही कोर्टाकडे तोंड करून, आणि हळू आवाजात: "नऊ, बॉल दे मला. पाय सरकला, ड्रिबल नंतर आलं. खेळ आता." बस. बॉल हातात आला की विषय संपला. बहुतेक वेळा त्याला नक्की काय चुकलं तेच कळलेलं नसतं, आणि एकदा सांगितलं की तो पुढच्या पझेशनला ते करत नाही, मग तुमचाही कॉल वाचतो. त्याने परत तेच केलं तर इशारा, आणि इशारा असा द्यायचा की तो इशारा आहे हे कळलं पाहिजे: खेळ थांबल्यावर त्याला जवळ बोलावून "हा इशारा आहे, पुढच्याला टेक्निकल", आणि लगेच कोचला जाऊन सांगायचं "सर, नऊला इशारा दिलाय, तुमच्या सगळ्या टीमला लागू". नियमातही तसंच आहे, एका खेळाडूला दिलेला इशारा त्याच प्रकारच्या वागण्यासाठी अख्ख्या टीमला उरलेली मॅच लागू राहतो. नुसतं डोळे वटारून बघणं हा इशारा नाही, नंतर टी दिला की कोच म्हणणार आम्हाला सांगितलंच नव्हतं, आणि ते खरंही असेल.

तिसरा ढीग समोरच्या खेळाडूला त्रास देणं, आणि इथे माझी सहनशक्ती फार कमी आहे. ब्लॉक केल्यावर खाली पडलेल्याच्या अंगावर उभं राहून बघणं, फ्री थ्रो मारणाऱ्याच्या कानात काहीतरी पुटपुटणं, शूटरच्या डोळ्यापुढे हात नाचवणं, बास्केट झाल्यावर बॉल मुद्दाम लांब ढकलून थ्रो घ्यायला उशीर लावणं. शेवटच्या प्रकाराला एकदा इशारा चालतो. डिवचण्याला मात्र मी पहिल्यांदाच टी देतो, कारण त्याचं उत्तर दोन मिनिटांनी कोपराने येतं आणि मग तुम्हाला यू द्यावा लागतो, त्यानंतर बेंच उठतं. पहिल्या क्वार्टरला दिलेला एक टी बाकीचे तीन क्वार्टर सुखाचे करतो. तो चौथ्याला दिला तर सगळे म्हणतात पंचाने मॅच घालवली.

आणि जात, धर्म, रंग, अंगकाठी, आईबहीण यावरून कुणी काही बोललं आणि तुम्ही ते स्वतः ऐकलं तर इशारा वगैरे काही नाही. लगेच टेक्निकल, आणि त्यात जे बोललं ते फारच घाण असेल तर थेट डी. तुम्ही ऐकलं नाही पण समोरची मुलगी रडत येऊन सांगतेय, तर फाऊल देता येत नाही, पण दोन्ही कॅप्टन आणि दोन्ही कोचना जवळ बोलावून सांगता नक्की येतं की असं कानावर आलंय आणि आता माझं लक्ष तिथेच आहे. त्यानंतर खरंच लक्ष ठेवा, बॉलपासून लांबच्या खेळाडूंवर, ट्रेलला, म्हणजे खेळाच्या मागच्या बाजूचा पंच, असताना विशेष.

मुलांना हात लावायचा नाही. पाठीवर थाप नाही, खांदा धरून बाजूला करणं नाही, मुलींच्या मॅचला तर अजिबात नाही, आणि मुलीशी काही बोलायचं असेल तर कॅप्टनला सोबत घेऊन चार लोकांना दिसेल असं बोला. बोट नाचवायचं नाही. "तुला जास्त कळतं का" हे वाक्य आयुष्यात कुठल्याच पंचाच्या उपयोगी पडलेलं नाही.

यू देताना एक लक्षात घ्या. लहान गटात जोराची धडक म्हणजे दरवेळी दुष्टपणा नसतो, अंडर-१४ ला पाय आणि डोकं दोन वेगळ्या दिशांना जात असतात, मुलगा ब्लॉक करायला उडतो आणि अंगावर पडतो. फाऊल यूच आहे जर धडक जास्त असेल तर, द्यायलाच हवा, समोरचा पोरगा सिमेंटवर पडलाय. पण देताना चेहऱ्यावर गुन्हेगार पकडल्याचा भाव नको. "बॉलला गेलास माहितेय, पण फार जोरात" एवढं सांगितलं तर तो पडलेल्याला उठवायला हात देतो, आणि उठवला की दोन्ही बेंच खाली बसतात.

कोच

सगळ्यात आधी प्रश्न आणि टोमणा वेगळा करायला शिका. "सर, तो कॉल काय होता?" हा प्रश्न आहे, आवाज चढलेला असला तरी. बॉल डेड असताना त्याचं एका वाक्यात उत्तर द्या: "चार नंबरने हात धरला." दोन वाक्यं बोललात की चर्चा सुरू होते. "दोन्हीकडे सारखं द्या हो" हा टोमणा आहे, त्याला उत्तर नसतं, एकदा ऐकून घ्या, दुसऱ्यांदा नुसतं त्यांच्याकडे बघून हात थोडा वर करा, बास झालं असा. तिसऱ्यांदा जवळून जाताना "सर, ऐकलं मी. आता इशारा समजा." चौथ्यांदा टी. सीनियरला यातली एखादी पायरी मी जास्त ठेवीन, इथे ठेवत नाही, कारण बारा पोरं बघत असतात.

काही गोष्टींना मात्र पायऱ्याच नाहीत. "किती घेतलेत", "तुमच्याच जिल्ह्याची टीम आहे ना" हे म्हणजे प्रामाणिकपणावर बोट. डोळ्याला चष्मा लावायची अॅक्शन, प्रेक्षकांकडे वळून टाळ्या पिटत त्यांना चढवणं. खेळ चालू असताना कोर्टात घुसणं. टेबलवरच्या मुलांवर ओरडणं, ही तर मला सगळ्यात खटकणारी गोष्ट, तुम्हाला बोलायची हिंमत होत नाही म्हणून घड्याळ चालवणाऱ्या पोरीला झापायचं. या सगळ्याला लगेच टी.

आणि एक प्रकार ज्याच्याकडे पंच काणाडोळा करतात: कोच स्वतःच्याच खेळाडूला शिव्या घालतोय. "गाढवा, बैलासारखा उभा काय राहतोस" हे टाइमआउटमध्ये सगळ्या मैदानाला ऐकू जातं. त्यांची टीम, त्यांचा प्रश्न, असं म्हणून आपण सोडून देतो. मी सोडत नाही. पहिल्यांदा जवळ जाऊन हळूच, "सर, लहान आहे, सगळ्यांना ऐकू जातंय". बऱ्याच जणांना खरंच भान नसतं, ते वरमतात. थप्पड मारली, कान पिरगाळला, तर मात्र तो डी आहे, त्यांचाच विद्यार्थी असला तरी, आणि रिपोर्टमध्ये ते शब्दशः लिहायचं.

टी द्यायचा कसा? शिट्टी नेहमीएवढीच, जोरात नाही. घड्याळ थांबलं का बघा, दोन तळव्यांचा टी छातीसमोर एकदा दाखवा, डोक्यावर नाचवत नाही, आणि कोचच्या दिशेला चालत जाऊन तर मुळीच नाही. सरळ टेबलकडे, शांतपणे नोंद करायला सांगा, आणि मग तुम्ही कोर्टाच्या पलीकडच्या बाजूला जा. कोचशी बोलायला जोडीदार जाईल, तो म्हणेल "सर, एक झाला, दुसऱ्याला बाहेर जावं लागेल, बसून घ्या दोन मिनिटं". टी देणारा आणि घेणारा पुढचे दोन-तीन मिनिटं एकमेकांपासून जितके लांब तितकं बरं. दिल्यानंतर स्पष्टीकरण देत बसू नका, आणि भरपाई म्हणून पुढचा एखादा फाऊल त्यांच्या बाजूने देऊ नका, ते समोरच्या बेंचला लगेच दिसतं.

दुसरा टी झाला, कोच बाहेर. इथे शाळेच्या मॅचची खरी अडचण येते. नियम म्हणतो डिसक्वालिफाय झालेल्याने ड्रेसिंग रूममध्ये जायचं किंवा इमारतीबाहेर जायचं, आणि असिस्टंट नसेल तर कॅप्टन कोचचं काम बघेल. आता उघड्या मैदानावर ड्रेसिंग रूम कुठली, आणि त्या बारा मुलांबरोबर आलेला मोठा माणूस तो एकटाच. म्हणून मॅचच्या आधीच आयोजकांना विचारून ठेवा की अशी वेळ आली तर मुलांजवळ कोण बसणार. स्पर्धेचा एखादा शिक्षक बेंचमागे खुर्ची टाकून बसू दे, कोचिंग नाही, फक्त लक्ष. सरांना आयोजकांनी गेटबाहेर न्यायचं, तुम्ही नाही. खिडकीतून किंवा जाळीतून सूचना देत राहिले तर खेळ थांबवून ठेवा, ते खरंच लांब जाईपर्यंत.

सर बाहेर गेल्यावर त्यांची मुलं घाबरलेली असतात किंवा पेटलेली असतात. कॅप्टनला जवळ घ्या, "आता तू कोच, टाइमआउट तुला मागता येईल, बदली तुला सांगता येईल, काही अडलं तर मला विचार." दोन मिनिटं जास्त गेली तरी चालतील.

कंपाउंडवरचे लोक

पालकांना टेक्निकल देता येत नाही, ते बेंचवर नाहीत. त्यांच्याशी बोलायला जाऊ नका, एकदा तिकडे बघून उत्तर दिलंत की उरलेली मॅच तिकडेच जाते. एकजण फारच सुटला असेल, नाव घेऊन मुलांना बोलत असेल, तर खेळ थांबवा, बॉल काखेत घ्या, आयोजकांना बोलवा आणि सांगा की हे गेल्याशिवाय चालू करत नाही. माईक असेल तर त्यांनाच अनाउन्स करू द्या. खेळ थांबला की बाकीचे पालकच त्या माणसाकडे बघायला लागतात.

हाणामारी, आणि टीम बाहेर काढणं

मारामारी सुरू झाली तर दोघांनीही मध्ये पडायचं नाही. जवळचा पंच शिट्टी वाजवत राहील, दुसरा मागे सरून बेंच बघेल आणि नंबर टिपेल. बेंचच्या जागेतून बाहेर पडलेला प्रत्येक बदली खेळाडू डिसक्वालिफाय होतो, अपवाद फक्त हेड कोच आणि पहिला असिस्टंट, तेही सोडवायला आले तर. हे कोचना मॅचच्या आधी माहीत असेल तर ते आधी हात पसरून स्वतःचं बेंच अडवतात, मी ते होताना बघितलंय. सगळं शांत झाल्यावर दोघांनी नंबर ताडून बघा, मग टेबल. कुणीतरी मोबाईल पुढे करेलच, "सर बघा बघा", त्यावरून जागेवर निर्णय फिरवू नका.

रागाने टीम बाहेर काढणं हा आपल्याकडचा जुना रोग. कोच हात हलवतो, पोरं पिशव्या उचलतात. तुम्ही "जा मग" म्हणू नका. क्रू चीफने, म्हणजे मुख्य पंचाने, टेबलसमोर, सगळ्यांना ऐकू जाईल असं, खेळायला सांगायचं, शीटवर वेळ लिहायची. नाही म्हणाले तर फॉरफिट, समोरची टीम २०-० ने जिंकली. ते "२०-०" कोचला आधी ऐकू जाऊ द्या, आणि कॅप्टनलाही. पोरांना खेळायचंच असतं हो, बऱ्याचदा तीच सरांची मनधरणी करतात.

मॅच संपल्यावर

शेवटचा बझर झाला आणि तुम्ही मॅच संपल्याचं मान्य केलं की त्यापुढे टेक्निकल नाही. पण स्कोअरशीटवर क्रू चीफची सही होईपर्यंत कुणी शिवीगाळ केली, अंगावर आलं, तर ती नोंद शीटच्या मागे करायची आणि आयोजकांना लेखी रिपोर्ट द्यायचा. सही झटपट करू नका म्हणून, पण तिथे रेंगाळूही नका, दोघं एकत्र निघा.

रिपोर्ट त्याच संध्याकाळी लिहा. कितवा क्वार्टर, घड्याळात किती वेळ, स्कोअर काय, कोण, काय केलं, काय बोललं, आधी इशारा कधी दिला, काय शिक्षा दिली. बोललेले शब्द जसेच्या तसे, "अपशब्द वापरले" असं लिहिलं तर समितीसमोर त्याचा काही उपयोग नाही, तिथे ते सर अगदी सज्जन दिसतात. "उद्धट आहेत", "नेहमीच असं करतात" हे तुमचं मत झालं, ते नको. जोडीदाराने त्याचा वेगळा लिहावा, एकाने लिहून दुसऱ्याने सही करू नये. मोबाईलवर फोटो काढून ठेवा आणि कागद आयोजकांच्या हातात द्या, कुणा ओळखीच्या मार्फत नाही. रात्री जिल्ह्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तुमच्या त्या कॉलचा व्हिडिओ येईल, खाली चाळीस जणांची मतं असतील, त्यात पंचाने एक शब्दही लिहायचा नाही, समितीने बोलावलं की तिथे बोला.